बूड घासू नये म्हणून

अमेरिकेत मुलाकडे, लेकीकडे किंवा भाच्याकडे सहा महिने राहायला गेलेल्या माणसाला सकाळी फिरायला जाण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. पेपरवाला येत नाही, दूधवाला येत नाही, जिन्यात वाद घालायला कुणी भेटत नाही. मग माणूस रस्ता वाचायला लागतो. सिॲटलच्या पूर्वेला समॅमिश, इसाक्वा या बाजूला आपली मराठी मंडळी बरीच आहेत, कारण मायक्रोसॉफ्टचं रेडमंड तिथून जवळ. वस्ती सगळी टेकड्यांवर. घरापुढे रस्त्यापासून गॅरेजपर्यंत काँक्रीटचा चढ असतो, त्याला ड्राइव्हवे म्हणायचं. हा चढ जिथे रस्त्याला मिळतो तिथे खाली बघितलं की घरमालकाचं चरित्र कळतं. डांबरावर दोन बारीक समांतर रेघा असल्या, तर घरात बुटकी स्पोर्ट्‌स कार आहे आणि नुकतं लायसन्स मिळालेला मुलगाही आहे. बोटभर रुंदीची एकच खोल खोबण असली, तर मागे हूक लावलेला ट्रक आहे, म्हणजे कुठेतरी एखादी होडीही असणार. आणि हातभर रुंदीचा, खरवडून काढल्यासारखा पट्टा दिसला, की समजावं इथे कधीतरी मोटारहोम येऊन गेलंय.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळं. अमेरिकन लोक त्याला आरव्ही म्हणतात. त्याचे तीन वर्ग आहेत: ए, बी आणि सी. ए सगळ्यांत मोठा, बसएवढा. बी सगळ्यांत छोटा, व्हॅनमध्ये बसवलेला. आणि सी या दोघांच्या मधला. हा क्रम ज्या कुणी लावला त्याला लग्नाच्या पंगतीत वाढपी म्हणून कधीही उभं करू नये. सी वर्गाचं तोंड ट्रकचं असतं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक माळा असतो. त्यावर पोरं झोपतात. लांबी तीस फुटांच्या आसपास, उंची अकरा-बारा फूट. आणि गाडीचं वजन २६,००० पौंडांच्या आत असलं, तर बहुतेक राज्यांत ही वास्तू साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे कालपर्यंत टोयोटातून मुलांना पोहण्याच्या क्लासला सोडणारा गृहस्थ आज सकाळी दोन खोल्यांचं बिऱ्हाड घेऊन हायवेला लागू शकतो.

मी भाच्याकडे राहायला गेलो होतो आणि भाच्याचे सासरे नाना तेव्हा तिथेच होते. नाना मूळ माणचे, एसटीत ड्रायव्हर, सातारा डेपो, निम्मी नोकरी पसरणी घाटात. त्यांना हे काही केल्या पटेना.

"जावईबापू, हेवी लायसन लागत नाही?"

"नाही नाना."

"बॅज?"

"नाही."

"मग देश चालतो कसा?"

बेत यलोस्टोनचा होता. दोन कुटुंबं आणि आम्ही दोन म्हातारे. वाटेत इंटरस्टेट ९० वर स्नोक्वाल्मीची खिंड, मग आयडाहो-मोंटॅनाच्या सीमेवरची लुकआउट खिंड, मग ब्यूट गावाजवळची होमस्टेक खिंड, सहा हजार फुटांहून उंच. तिथे पावसाचं पाणी दोन महासागरांत वाटलं जातं, पश्चिमेचं पॅसिफिकला, पूर्वेचं अटलांटिकला. या खिंडींची चिंता कुणालाच नव्हती. चिंता होती ती घरापुढच्या वीस फुटांची.

गाडी दारात आणायलाच हवी होती, कारण खाणं भरायचं होतं. मराठी माणूस अमेरिकेतलं राष्ट्रीय उद्यान बघायला निघतो तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, दोन प्रकारचा चिवडा, मेतकूट, लसणाची चटणी आणि एक कुकर बरोबर नसेल तर त्याला निसर्ग दिसत नाही. त्यात तिथल्या सोसायटीचा नियम असा, की मोटारहोम रात्री रस्त्यावर ठेवायचं नाही. दारात ठेवायचं तेही सामान चढवण्या-उतरवण्यापुरतं. नियम मोडला की दंडाचं पत्र येतं आणि त्याची भाषा इतकी गोड असते की वाचताना आधी आपल्याला बक्षीस लागल्यासारखं वाटतं.

आता अडचण काय ती नीट सांगतो. मोटारहोमची मागची चाकं गाडीच्या अगदी टोकाला नसतात. चाकांच्या मागे आठ-दहा फूट घर नुसतं लोंबत असतं. गाडी सपाटीवर असेतो काही कळत नाही. पण पुढची चाकं चढावर गेली आणि मागची अजून रस्त्याच्या कडेच्या पन्हळीत असली, की गाडी तोंड वर करते आणि लहान मुलांच्या सी-सॉसारखं मागचं टोक खाली बसतं. नानांच्या भाषेत, गाडीचं बूड टेकतं.

हिशेब सोपा आहे. चढ १५ टक्के धरा, म्हणजे शंभर फुटांना पंधरा फूट. मागचं लोंबतं घर दहा फूट. दहा फुटांचे १५ टक्के म्हणजे १८ इंच. टोक तेवढं खाली येणार. त्यात रस्त्याला पाणी वाहून जावं म्हणून मधोमध फुगवटा असतो, दोन टक्के म्हटलं तरी आणखी अडीच इंच. झाले साडेवीस. आणि मागच्या हूकची जमिनीपासूनची उंची? चौदा इंच. म्हणजे साडेसहा इंच हूक डांबरात, किंवा साडेसहा इंच डांबर हुकात, जे आधी हार मानेल ते.

पंधरा टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. आपल्या बोरघाटात कर्जतहून लोणावळ्याला चढताना रेल्वेचा चढ सदतिसाला एक आहे, पावणेतीन टक्क्यांच्या आतच, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. इंटरस्टेट हायवे डोंगरातून नेतानाही सहा-सात टक्क्यांच्या वर शक्यतो जात नाहीत. म्हणजे ज्या देशाने आख्खा रॉकी पर्वत सहा टक्क्यांत बसवला, त्याच देशातला बिल्डर दोन मोटारींच्या गॅरेजसाठी पंधरा टक्के लावून मोकळा होतो. पर्वताचं काम सरकारी इंजिनिअरकडे होतं आणि ड्राइव्हवेचं माती उरलेल्या ठेकेदाराकडे, एवढाच फरक.

चढाचा लोकांना अभिमानही असतो, हे विसरून चालणार नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा बाल्डविन स्ट्रीट हा जगातला सगळ्यांत चढाचा रस्ता म्हणून मिरवत होता, चढ सुमारे ३५ टक्के. २०१९ साली वेल्समधल्या हार्लेक गावाने आपल्या एका गल्लीचा चढ ३७ टक्क्यांहून जास्त असल्याचं दाखवून गिनीजकडून तो मान हिसकावला. गावात आनंदीआनंद. पण न्यूझीलंडवाल्यांनी अपील केलं, की मोजणी रस्त्याच्या मधल्या रेषेवर करा, वळणाच्या आतल्या कडेला नको. तशी मोजल्यावर हार्लेकची गल्ली २८ टक्क्यांच्या घरात उतरली आणि २०२० मध्ये मान परत ड्युनेडिनला गेला. दोन्ही गावांतल्या कुणाच्या दारात मोटारहोम लावायचं असतं, तर मोजणीचा आग्रह उलट्या दिशेने झाला असता.

असो. गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी घरात बैठक बसली. भाच्याने लॅपटॉपवर कोष्टक केलं होतं. त्यात चाकांमधलं अंतर, लोंबतं अंतर, चढाचा कोन आणि एक लाल चौकट: चौकटीत उणे आकडा आला की गाडी घासणार. आकडा उणेच येत होता. मग तो चढाचा कोन जरा कमी करून बघायचा, आकडा अधिक यायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. सॉफ्टवेअरमधल्या माणसांची काँक्रीटबद्दलची ही श्रद्धा मला फार आवडते.

समोरच्या घरातला निवृत्त अमेरिकन शेजारी बिनबोलावता आला. या लोकांच्या गॅरेजमध्ये मोटार सोडून सगळं असतं. त्याने चार दणकट फळ्या आणल्या आणि उपाय सांगितला तो खरोखर शास्त्रशुद्ध होता. मागची चाकं ज्या पन्हळीत उतरतात तिथे फळ्या टाकायच्या. चाक चार इंच उचललं, तर चाकाच्या मागे लांब असलेलं टोक चारच नाही, सहा इंचांच्या वर उचललं जातं; सी-सॉचाच नियम, फक्त आपल्या बाजूने. दुसरं, चढावर सरळ न जाता तिरपं जायचं. तिरपं गेलं की तोच चढ गाडीला कमी लागतो. बैलगाडीवाले घाटात हेच करत आले. तिसरं, रिकाम्या गाडीने जायचं, माणसंसुद्धा खाली उतरवून. त्याने मागच्या बंपरखाली लावायच्या छोट्या लोखंडी चाकांचंही नाव काढलं, टेकलंच तर गाडी त्यांवरून घरंगळते म्हणे. पण भाड्याच्या गाडीला चाकं कोण लावून देणार?

भाच्याने फळ्यांची उंची कोष्टकात टाकली. तूट साडेसहावरून पाव इंचावर आली. तिरपं जाण्याचं कलम घातलं आणि आकडा पहिल्यांदा, चढाला हात न लावता, अधिक आला.

नाना इतका वेळ गप्प होते. ते एवढंच म्हणाले, "सांगणारा एक पाहिजे. आणि शिट्टी पाहिजे."

पहिला मुद्दा लाखमोलाचा. मोटारहोम चालवणाऱ्यांच्या पुस्तकांतही तेच लिहिलेलं असतं: दिशा दाखवणारा माणूस एकच, आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी उभी. पण मराठी माणसं जमलेली असताना कुणी गाडी लावतोय आणि बाकीचे गप्प उभे आहेत, असा देखावा पृथ्वीवर अजून झालेला नाही. शिट्टी नातीच्या फुटबॉलच्या सामानात सापडली. एसटीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. स्टँडवर गाडी फलाटाला तोंडाने लागते आणि निघताना कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवत तिला बाहेर काढतो. नानांनी आयुष्यभर त्या शिट्टीवर विश्वास ठेवला. आता निवृत्तीनंतर, सात समुद्रापलीकडे, शिट्टी त्यांच्या तोंडात आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. पांढरीशुभ्र, अंगावर डोंगर आणि गरुडाचं चित्र. गल्लीत शिरली तेव्हा झाडांच्या फांद्या माळ्याला लागल्या आणि वरून पाइनच्या सुया पडल्या. भाच्याने ती समोरच्या कडेला अगदी चिकटवून घेतली, कारण डावीकडे वळून तिरपं चढायचं तर सगळा रस्ता लागणार होता. सगळे उतरले. फळ्या लागल्या. शेजारी हाताची घडी घालून आपल्या हिरवळीवर उभा राहिला. नानांनी लांब एक शिट्टी दिली आणि पलीकडच्या तीन घरांतून माणसं बाहेर आली.

मग सुरू झालं.

"येऊ द्या... येऊ द्या..."

"अहो, थांबा जरा, फळी सरकली!"

"काही सरकली नाही, येऊ दे तू."

"बाबा, झाड!"

"ड्रायव्हर साइडला कापा, ड्रायव्हर साइडला!"

हे शेवटचं नानांचं. आणि इथे घोटाळा झाला. नानांची ड्रायव्हर साइड तीस वर्षं उजवीकडे होती. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. भाच्याने आज्ञाधारकपणे आणखी डावीकडे कापलं. लांब गाडीचं तोंड डावीकडे वळलं की शेपूट उजवीकडे फिरतं. ते फिरलं ते थेट शेजाऱ्याच्या टपालपेटीकडे. अमेरिकेत ही पेटी रस्त्याच्या कडेला खांबावर असते, पोस्टाच्या नियमाने जमिनीपासून ४१ ते ४५ इंच उंचीवर, म्हणजे मोटारहोमच्या कुशीला बरोब्बर लागेल अशी. शेजाऱ्याची हाताची घडी सुटली. नानांनी लगेच शिट्टी दिली, आखूड, करडी. ती ऐकून भाच्याचा पाय ब्रेकवर गेला, आणि समोरून येणारा एक सायकलवालाही थांबला. पेटी आणि गाडी यांच्यामध्ये तेव्हा जी फट राहिली तिच्यातून पोस्टकार्ड गेलं असतं, पाकीट नाही.

त्यानंतर मात्र नानांनी सूत्रं खरी हातात घेतली. साइड वगैरे शब्द सोडून दिले. नुसता हात आणि शिट्टी. गाडी मागे, सरळ, पुन्हा पुढे. डावं मागचं चाक आधी फळीवर चढलं, उजवं अजून खाली, त्यामुळे सगळं घर पिळवटलं आणि आतलं कपाट उघडून एक तवा खणखणत जमिनीवर आला. नाना गुडघ्यावर बसून हुकाखाली बघत होते. "चार बोटं... तीन बोटं... जाऊ द्या... तीन... जाऊ द्या, जाऊ द्या..." आणि मग एकदम उभे राहून त्यांनी हात झटकले. गाडी आत. डांबर कोरं. शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या. सूनबाईंनी सगळ्यांना, सायकलवाल्यासकट, चहा दिला.

नंतर फ्रिज सुरू करायला गेलो. सकाळच्या श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवला होता, दहीही लावलं होतं, सगळं रात्रीच थंड करायचं होतं. सूनबाईंनी पुस्तिका वाचली आणि त्या पुस्तिकेकडेच बघत राहिल्या. या गाड्यांतल्या पुष्कळ फ्रिजना कॉम्प्रेसर नसतो. ते गॅसवरही चालतात. आत अमोनियाचं द्रावण तापतं, वर जातं आणि आपसूक खाली ओघळतं, त्या ओघळण्यावर सगळा थंडावा. गाडी फार कललेली असली की द्रावण ओघळायचं थांबतं, तळ तापत राहतो आणि फ्रिज कायमचा जातो. पुढे-मागे साधारण सहा अंशांपर्यंत चालतं, आडवं तीनच. आमच्या चढाचे झाले साडेआठ. म्हणजे ज्या फ्रिजसाठी दुपारभर शिट्ट्या वाजल्या, तो फ्रिज त्या जागी लावणं म्हणजे तो घालवणं. चाकांखाली ठोकळे देऊन गाडी सपाट करावी, तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा पावणेतीन फूट खाली होती. तेवढे ठोकळे शेजाऱ्याच्याही गॅरेजात नव्हते. दही घरातल्या फ्रिजमध्येच राहिलं.

तरी सगळे खुशीत होते. रात्रीतून सामान चढलं, पहाटे माणसं चढली. निघण्याआधी नानांनी बागेच्या नळाची नळी उचलली आणि गाडीच्या टाकीत सोडली.

"नाना, कँपवर पाणी असतं."

"असू दे की. आपलं आपल्याजवळ असावं. पुढं मिळंल, न मिळंल."

माणच्या माणसाला पाण्याबद्दल कुणी शिकवू नये हे खरं. पण या गाडीत टाकी मागच्या पलंगाखाली, म्हणजे बरोबर त्या लोंबत्या भागात. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. वर चिवडा, कुकर, दोन कुटुंबं आणि मागच्या पलंगावर आडवा झालेला मी. पाटे बसले. गाडी उलटी खाली निघाली, फळ्या होत्या, शिट्टी होती, हात होता, सगळं कालच्यासारखंच होतं, फक्त कालची तीन बोटं आता नव्हती. मला पलंगाखालून करर्र असा लांबलचक आवाज आला, आणि त्यावर नानांची शिट्टी, आवाज संपल्यावर.

खाली उतरून सगळ्यांनी बघितलं. डांबरात बोटभर रुंदीची, हातभर लांबीची खोबण. भाचा नानांकडे बघत होता आणि नाना नळाकडे.

यलोस्टोन उत्तम झालं. तिन्ही खिंडी गाडीने गुरगुरत का होईना पार केल्या, कुठे घासली नाही. नानांचं पाणी तसंच परत आलं, कारण प्रत्येक कँपवर नळ होता. गाडी परत देताना तिथल्या माणसाने टायर बघितले, काचा बघितल्या, तव्याला पडलेला पोचासुद्धा बघितला. हुकाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे आधीच्या गिऱ्हाइकांचे इतके ओरखडे होते की आमचा त्यांत कुठला हे आम्हालाही सांगता आलं नसतं.

तेव्हा टेकडीवर राहणाऱ्या आपल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. मोटारहोम जरूर घ्या, मुलांना मजा येते, म्हाताऱ्यांनाही येते. पण गाडी सपाटीवर एखाद्या मित्राच्या दारात लावा आणि चिवड्याचे डबे हाताने खाली न्या. चार खेपा होतील, फार तर पाच. दारातच आणायची हौस असेल तर चढ आधी मोजा, कोष्टकात नको, टेप घेऊन. आणि पाणी वाटेत भरा, घरी कुणीही कितीही आग्रह केला तरी.